नियम कमी केले, माणसं वाढली

दीड वर्ष चाललेला एक खेळ आम्ही गेल्या पावसाळ्यात अर्ध्यावर सोडून दिला. भांडण झालं नव्हतं, कुणी गावही सोडलं नव्हतं. फक्त एका रविवारी लक्षात आलं की चार तासांच्या बैठकीतले जवळपास तीन तास आम्ही पुस्तकाची पानं उलटण्यात घालवले होते. गोष्ट मात्र जिथे होती तिथेच उभी होती.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपण काय करतो ते खेळणारे सांगतात. निकाल कुठेही लागू शकेल अशी वेळ आली की फासा टाकायचा. पैसे लागत नाहीत, कुणी कुणाला हरवत नाही. सगळे मिळून एक गोष्ट रचतात, आणि ती पुढे कुठे जाईल हे सूत्रधारालाही माहीत नसतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रकाशित केला. पहिल्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. १९८१ मध्ये टॉम मोल्डवे याने नवशिक्यांसाठी जी आवृत्ती संपादित केली ती ६४ पानांची होती. पुढे आवृत्त्या वाढत गेल्या आणि पानंही. आम्ही खेळत होतो ती २०१४ ची पाचवी आवृत्ती. तिचं खेळाडूंसाठीचं एकटं पुस्तक ३२० पानांचं आहे. राक्षसांचं वेगळं, सूत्रधाराचं वेगळं. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत खेळाडूंचं पुस्तक ३८४ पानांवर गेलं.

या जाड पुस्तकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यातूनच मी हा खेळ शिकलो. पण ही पुस्तकं दारात एक उंबरठा घालतात. तो उंबरठा किती उंच आहे हे मला माझ्या भाचीमुळे कळलं.

ती शिकायला आमच्याकडे पुण्यात आली. रविवारी घरात हसण्या-ओरडण्याचा आवाज ऐकून तीही टेबलाशी येऊन बसली. आम्ही तिला उत्साहाने एक पात्र बनवून दिलं. अठरा कौशल्यांची यादी, प्रत्येकापुढे आकडा, मंत्रांचा वेगळा तक्ता. तीन रविवार ती बसली आणि तिन्ही रविवार जवळपास गप्प राहिली. तिची पाळी आली की कुणीतरी तिच्या कागदावर बोट ठेवून सांगायचं, हे कर. चौथ्या रविवारी ती आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मामू, मेरे कागज पे क्या लिखा है वोच समझ में नै आता. तुमीच खेल रहे मेरा बी."

तिचं इंग्रजी कच्चं नाही. अडचण वेगळी होती. त्या कागदावर नसलेलं काही करता येतं, हेच तिला आमच्या खेळण्यातून कधी दिसलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही जुन्या नियमांकडे वळलो. १९८१ च्या नियमांची नीट मांडणी करून गॅव्हिन नॉर्मन याने २०१९ मध्ये 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' नावाने ते पुन्हा आणले. त्याचे मूलभूत नियम फुकट मिळतात. 'बेसिक फँटसी' आणि 'केर्न' हे याच धाटणीचे खेळही इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात. या साऱ्या प्रवाहाला जुनं वळण म्हणतात. मॅट फिंच याने २००८ मध्ये त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा आशय असा की प्रत्येक प्रसंगासाठी छापील कलम शोधत बसू नका, सूत्रधाराने तिथल्या तिथे शहाणपणाने निवाडा द्यावा. आणि पात्राच्या आकड्यांपेक्षा खेळणाऱ्याच्या डोक्याला जास्त वाव असावा.

पात्र बनवायला दहा मिनिटं लागली. सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे. मग एक पेशा, थोडं सामान, आणि खेळ सुरू. भाची चोर झाली.

पहिल्याच भुयारात एक लांब बोळ आला. जुन्या पद्धतीत मी तिला निरीक्षणाचा फासा टाकायला सांगितला असता. सात पडले असते तर "काही दिसत नाही" म्हणून मोकळा झालो असतो. आता मी तसा फासा मागितलाच नाही. तिने विचारलं, फरशी कशाची आहे? मी म्हणालो, दगडाची. सांधे दिसतात का? धूळ आहे, दिसत नाहीत. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझ्या मशकीतलं पाणी ओतते. घरी फरशी धुताना खाली पोकळ असेल तिथे पाणी आपोआप मुरतं."

पाणी ओतलं. समोरच्या चौकोनाच्या चारही कडांनी ते आत गेलं. खाली खड्डा होता. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. मशक रिकामी झाल्याचा फटका पुढे बसला, पण त्या दिवशी पाच माणसं वाचली ती अम्मीला फरशी धुवायला मदत करणाऱ्या मुलीच्या ज्ञानाने. हे ज्ञान कुठल्याच यादीत नव्हतं.

साधे नियम म्हणजे पोरखेळ, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. जुन्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या खजिन्याचे मिळतात. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. लढवय्याला दुसऱ्या पायरीवर जायला २००० गुण लागतात, आणि एक ऑर्क मारल्याचे मिळतात फक्त १०. हिशेब करा. तलवार चालवून वर जायचं तर दोनशे ऑर्क मारावे लागतील. त्यापेक्षा त्यांना चकवणं, त्यांच्याशी बोलणं, मागच्या वाटेने जाणं शहाणपणाचं. अनोळखी प्राणी भेटला की सूत्रधार दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवतो. दोन पडले तर हल्ला, बारा पडले तर दोस्ती, आणि मधल्या बऱ्याच आकड्यांवर बोलण्याला जागा. शत्रू हरू लागला की त्याच्या धैर्याची परीक्षा होते आणि बरेचदा तो पळून जातो. मशाल एक तास जळते, मग अंधार. एवढ्या मोजक्या नियमांतून सावधपणा, वाटाघाट आणि भीती आपोआप टेबलावर येते.

वेळेचाही प्रश्न होता. आमच्या फुफीने फासे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिचा चेहरा बदलला. "ये पासे घर में कायको लाया रे?" फासा म्हणजे जुगार, हे तिच्या मनात पक्कं. मी समजावलं, पैसा नाही, पैज नाही. काही घरांत एवढ्यावरही फासे चालणार नाहीत आणि त्या घरांचा मला आदर आहे. फुफीने दोन बैठका शेजारी बसून पाहिल्या आणि अट घातली: अस्रला उठायचं, आणि मगरिबची अजान झाली की पसारा आवरायचा. आधीच्या खेळात एका चकमकीला दीड तास लागायचा, ही अट पाळणं अशक्य होतं. आता चकमक दहा-पंधरा मिनिटांत संपते. दुपारच्या जेवणानंतर बसलो तरी मगरिबपर्यंत गोष्टीचा एक तुकडा पुरा होतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण आमच्यातल्या एका मित्राला हा बदल अजून रुचलेला नाही. दीड वर्ष त्याने एक जादूगार घडवला होता. कोणत्या पायरीवर कोणता मंत्र, याचं त्याने वहीत नियोजन केलं होतं. तोही आनंदच आहे आणि तो आम्ही त्याच्याकडून काढून घेतला. जुन्या नियमांत पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला एकच मंत्र आणि मोजकेच प्राणगुण. शून्यावर आला की मेला. नव्या आवृत्तीत मरणाच्या दारातून परतायला फाशांची संधी असते, इथे नाही. त्याचा नवा जादूगार दुसऱ्याच बैठकीत एका कोळ्याच्या विषाने गेला.

त्याचा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. तो म्हणतो, "आधी पुस्तक न्याय करायचं, आता तू करतोस. तुझा मूड खराब असला तर?" हा प्रश्न खरा आहे. छापील नियम कमकुवताला सूत्रधाराच्या लहरीपासून वाचवतो, खेळात आणि खेळाबाहेरही. म्हणून आम्ही एक वही ठेवली. मी दिलेला प्रत्येक निवाडा तिच्यात लिहिला जातो आणि पुढच्या वेळी तोच मला बांधतो. कुणालाही हरकत घेता येते. आजवर अकरा निवाडे लिहिले गेले, त्यातले तीन मला मागे घ्यावे लागले. त्यातला एक याच मित्रामुळे. आमचं स्वतःचं पुस्तक आता पाच पानांचं आहे, आणि ते बसलेल्या सगळ्यांना वाचता येतं, कारण ते मराठीत आहे.

हाच माझा खरा मुद्दा आहे. नियम इंग्रजी पुस्तकात असले की खेळही हळूहळू त्याच भाषेत शिरतो. नियम डोक्यात मावले की तोंड मोकळं होतं. त्या ६४ पानी पुस्तकातही 'घूल' आहे, आणि त्याच्या पुढच्या भागात जिन, इफ्रीत आणि रुख पक्षी. अलिफ लैला ऐकलेल्या घरात यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मागच्या महिन्यात भुयारात इफ्रीत भेटला तेव्हा कुणी पुस्तक उघडलं नाही. फुफीच बाजूच्या पलंगावरून म्हणाली, "उसकू पैले सलाम करो, फिर बात करो." त्यांनी सलाम केला. मी दोन फासे टाकले. दहा पडले.

तुम्हाला हा खेळ करून बघायचा असेल तर महागडं काही विकत घेऊ नका. फुकटचे नियम उतरवा, सूत्रधाराने एकट्याने वाचा, बाकीच्यांना वाचायला लावू नका. त्यांना फक्त एवढंच विचारा: तुम्ही अंधाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभे आहात, काय करता? मग थांबा. सर्वांत गप्प बसलेल्या माणसाने तोंड उघडेपर्यंत थांबा.

भाची आता दर रविवारी येते. गेल्या वेळी दोन मैत्रिणींना घेऊन आली.