कडेवर टेकणारी काडतुसे

कड असलेल्या काडतुसाचा भार चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर असतो. नळीच्या मागच्या तोंडाशी कोरलेल्या खाचेत ही कड बसते, मागून ब्रीच बंद होते आणि पुंगळीला मागेपुढे हलायला किती वाव राहील, म्हणजे हेडस्पेस, तो या दोहोंमध्येच ठरून जातो. पुंगळीची लांबी किंवा खांदा किंचित चुकला तरी बार होतो. १८६० ते १८९० या काळात पुंगळ्यांची आणि चेंबरची मापे आजच्याइतकी काटेकोर नव्हती; कडेने ती उणीव सांभाळून घेतली. जुन्या रायफलीसाठी आज हाताने काडतूस भरणाऱ्याला हा गुण उपयोगी पडतो, पण तोच त्याला फसवतोही. कड सगळ्यांना सारखीच असली, तरी पुंगळीचा आकार, प्रायमर आणि चेंबरचा ढिलेपणा प्रत्येक काडतुसात वेगळा असतो, आणि खरा फरक तिथेच पडतो.

सर्वांत सरळ व्यवहार अमेरिकेच्या .४५-७० चा. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड ‘ट्रॅपडोअर’ रायफलीसाठी निघालेल्या या काडतुसात ४०५ ग्रेनची शिशाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू असे. पुंगळी जवळजवळ सरळ, खांदा नाही, त्यामुळे पितळ फारसे ताणले जात नाही आणि एकच पुंगळी अनेकदा वापरता येते. नव्या पुंगळ्याही सहज मिळतात. धोका आहे तो भाराच्या तक्त्यात. आधुनिक पुस्तकांत .४५-७० चे भार तीन पायऱ्यांवर दिलेले असतात: ट्रॅपडोअर, लिव्हर रायफल आणि मजबूत आधुनिक सिंगल-शॉट. तिसऱ्या पायरीचा भार ट्रॅपडोअरमध्ये गेला तर ब्रीचच फुटू शकते, आणि काडतूस बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. म्हणून डब्यावर भाराची चिठ्ठी हवीच, आणि चिठ्ठी नसलेली काडतुसे मोडीत काढलेली बरी.

ब्रिटिश .५७७/४५० मार्टिनी-हेन्रीचा दबदबा सर्वांत मोठा आणि कटकटही सर्वांत मोठी. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या या काडतुसात कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी आणि ८५ ग्रेन काळी दारू होती. मूळ पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली. तापलेल्या, काजळी धरलेल्या चेंबरमध्ये ती अडकायची आणि एक्स्ट्रॅक्टर कड ओरबाडून मोकळा व्हायचा. सुदानच्या मोहिमेत याच तक्रारीचा बोभाटा झाला आणि १८८५ च्या सुमारास ओढीव पितळाची पुंगळी आली. आजचे हौशी २४ बोअरच्या पितळी बंदुकीच्या पुंगळीला डायमधून मान काढून ही पुंगळी घडवतात. मापात आणताना एक-दोन पुंगळ्या चिरणारच, हे गृहीत धरावे. पोट एवढे मोठे, की पूर्ण भाराचा धक्का खांदा सुजवतो. मात्र काळी दारू कमी करायची असेल तर आत रिकामी पोकळी सोडता येत नाही. दारू आणि गोळी यांच्यामध्ये भरण घालावेच लागते. दारू दाबलेली नसली तर दाब अनियमित वाढतो. सैन्यानेही आखूड कार्बाइनसाठी ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनची हलकी गोळी अशी वेगळी तडजोड केली होती.

जर्मनीचे १८७१ चे ११ मिलिमीटर माउझर बरेचसे याच घराण्यातले: ७७ ग्रेन काळी दारू, गोळी मात्र बरीच हलकी. पुंगळी सडपातळ आणि मान सौम्य, त्यामुळे हाताळायला निश्चितच सुखाचे. नवे पितळ मात्र शोधावे लागते.

ब्रिटिश .३०३ ची गोष्ट वेगळी. १८८८ मध्ये तेही काळ्या दारूवरच सुरू झाले. १८९१ पासून कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. कॉर्डाइटच्या काड्या पुंगळीत आधी भरत आणि मान नंतर आवळत, कारण अरुंद मानेतून काड्यांचा जुडगा आत जात नसे. लष्करी चेंबर मुद्दाम ढिले ठेवलेले, चिखलातही काडतूस बसावे म्हणून. परिणामी बार झाला की पितळ कडेच्या जरा पुढे ताणते आणि काही फेऱ्यांत पुंगळी आडवी तुटते. बुडापासून अर्ध्या इंचाच्या आसपास चकचकीत कडे दिसू लागले की ती टाकावी. कडे दिसत नसले तरी टोक वाकवलेली बारीक तार आतून भिंतीवर फिरवून पाहावी. तार खोबणीत अडकली तर ती पुंगळीही बाद. पूर्ण आकारात न आणता फक्त मान आवळली, तर पुंगळी पुढच्या वेळी कडेऐवजी खांद्यावर टेकते आणि आयुष्य बरेच वाढते. कडेचे काडतूस असूनही कडेवर भिस्त ठेवू नये, असा हा प्रकार. मात्र अशा पुंगळ्या ज्या रायफलीतून निघाल्या तिच्यातच वापराव्यात.

प्रायमरचा घोटाळा मजेशीर आहे. अमेरिकन बर्डानचा प्रायमर युरोपने उचलला आणि इंग्रज बॉक्सरचा अमेरिकेने. बर्डान पुंगळीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रे दोन, म्हणून मधल्या सुईने प्रायमर ढकलून निघत नाही. जुनी ब्रिटिश आणि ‘के एफ’ शिक्क्याची बरीच लष्करी .३०३ पुंगळी या कारणाने भरणाऱ्याच्या उपयोगाची नाही. जुन्या प्रायमरमधले पोटॅशियम क्लोरेट नळीत क्षार सोडते. ते तेलाने निघत नाही, पाण्याने धुवून मग तेल द्यावे लागते.

‘के एफ’ म्हणजे पुण्याजवळचा १८६९ चा खडकीचा कारखाना. .३०३ लष्करी बोअर असल्याने भारतात नागरिकांसाठी .३१५ आले, आणि त्याचे मूळ ऑस्ट्रियाच्या १८८८ च्या ८×५० मिलिमीटर मानलिखरमध्ये. म्हणजे भारतीय परवानाधारकाच्या हातात आजही जी जुनी कडेची रायफल काडतुसे येतात, त्यांत हे प्रमुख. त्याची पुंगळी .३०३ पेक्षा आखूड आहे, पण गोळी जाड, सुमारे .३२३ इंचाची; .३०३ ची .३११ इंचाची गोळी तिच्यात सैल राहते. हे काडतूस भरणे तंत्राने अवघड नाही. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, आणि बार उडवण्याचा परवाना म्हणजे ती भरण्याचा परवाना नव्हे.