मताचा हक्क आणि पक्षाचे दार: मिसिसिपीची नव्वद वर्षे

१/
महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. त्या वर्षी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कालचे गुलाम मतदान करीत होते आणि निवडूनही येत होते. पुढच्या वीस वर्षांत ते दृश्य जवळजवळ पुसले गेले. हक्क देणारी घटनादुरुस्ती मात्र कधीच रद्द झाली नाही. कायदा जागेवर असताना हक्क नाहीसा कसा झाला आणि तो कोणी परत मिळवला, याचा हा धागा.

२/
आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकी संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय द्वेषाविषयी इशारा दिला, तोवर पक्ष आकार घेऊही लागले होते. परिणामी एक विचित्र व्यवस्था उभी राहिली. मताच्या हक्काची भाषा संविधानात आली. पण ते मत ज्या उमेदवाराला द्यायचे, तो निवडण्याचे काम पक्षांकडे गेले आणि पक्षाच्या सभेत कोणाला बसू द्यायचे, हा दीर्घकाळ पक्षाचा घरगुती मामला मानला गेला. अमेरिकी लोकशाहीचा अर्धा इतिहास या घरगुती मामल्यात दडलेला आहे.

३/
यादवी युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ साली गुलामगिरी संपली, १८६८ साली नागरिकत्व मिळाले आणि १८७० साली वंश वा वर्णावरून मतदानास मनाई करता येणार नाही असे ठरले. त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सेनेटर झाले. गुलामगिरीत जन्मलेले ब्लँच ब्रूस १८७५ साली त्याच राज्याचे सेनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्यांची मुदत १८८१ साली संपली. पुढचा कृष्णवर्णीय सेनेटर देशाला मिळाला तो १९६७ साली, तोही मॅसॅच्युसेट्समधून.

४/
उलटा प्रवास सुरू झाला तो भर निवडणुकीत. १८७५ साली मिसिसिपीत सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना धाकदपटशाने घरी बसवले. राज्यपाल अ‍ॅडेलबर्ट एम्स यांनी संघीय सैन्याची मागणी केली. ते आले नाही. पुढच्या वर्षी अध्यक्षीय निवडणूक झाली. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डन यांना १८४ निर्वाचक मते मिळाली, विजयासाठी १८५ हवी होती. रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांच्याकडे १६५ होती. उरलेली २० मते वादग्रस्त ठरली.

५/
निकाल लावण्यासाठी १५ जणांचा आयोग नेमला गेला: पाच सेनेटर, पाच प्रतिनिधी आणि पाच न्यायाधीश. प्रत्येक वादात कौल पक्षनिष्ठेनुसार ८ विरुद्ध ७ असाच पडला आणि हेज १८५ विरुद्ध १८४ असे जिंकले. एप्रिल १८७७ पर्यंत दक्षिण कॅरोलिना व लुइझियाना येथील रिपब्लिकन सरकारांचे रक्षण करणारे सैनिक माघारी बोलावले गेले. यामागे कितपत उघड सौदा होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाविषयी नाहीत. सत्ता राखण्यासाठी लिंकनच्या पक्षाने आपल्याच सर्वांत निष्ठावान मतदारांना वाऱ्यावर सोडले.

६/
या निवडणुकीत ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले होते. अमेरिकी इतिहासातील सर्वाधिक मतदानांपैकी हे एक. म्हणून ‘लोक जागरूक असले की लोकशाही सुरक्षित असते’ हे सुभाषित येथे अपुरे पडते. मतदारांनी आपले काम केले होते. ज्या पक्षावर त्यांची मदार होती, त्याला जाब विचारण्याचे साधन मात्र त्यांच्या हाती नव्हते.

७/
१८९० साली मिसिसिपीने नवे राज्य संविधान केले. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता, कारण पंधराव्या दुरुस्तीने तो निषिद्ध होता. त्याऐवजी दोन डॉलरचा मतदान कर आला आणि एक चाचणी आली: अर्जदाराने राज्य संविधानातील कलम वाचावे, किंवा वाचून दाखवलेल्या कलमाचा ‘वाजवी’ अर्थ सांगावा. अर्थ वाजवी आहे की नाही, हे ठरवणारा नोंदणी अधिकारी गोरा असे. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. शब्दांत वंशभेद नाही, एवढे त्याला पुरले.

८/
दुसरी भिंत पक्षाची होती. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिस्पर्धीच उरला नव्हता, त्यामुळे त्याच्या अंतर्गत प्राथमिक निवडणुकीत जो जिंकला तोच निवडून येई. टेक्सासमध्ये ही प्राथमिक फेरी केवळ गोऱ्यांसाठी राखीव होती. पक्ष ही खासगी संस्था आहे, असा युक्तिवाद केला जाई. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. राज्याच्या निवडणुकीचा भाग असलेली प्रक्रिया खासगी असू शकत नाही, हे तत्त्व मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

९/
तत्त्व मान्य झाले तरी मिसिसिपीत फारसे बदलले नाही. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर ही ४४ वर्षांची शेतमजूर स्त्री सतरा जणांसह बसने इंडियनोला गावी मतदार नोंदणीसाठी गेली. तिला राज्य संविधानातील एका किचकट कलमाचा अर्थ विचारण्यात आला. ती नापास झाली. परतताना बसचा रंग फार पिवळा आहे, या सबबीवर पोलिसांनी दंड केला. ज्या मळ्यावर तिने अठरा वर्षे काम केले, तिथून तिला त्याच रात्री घालवण्यात आले. पुढच्या जूनमध्ये विनोना येथील तुरुंगात तिला इतकी मारहाण झाली की तिची दुखणी जन्मभर राहिली.

१०/
एकटीने दार ठोठावून ते उघडणार नव्हते, म्हणून चळवळीने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर १९६३ मध्ये बॉब मोझेस आणि सहकाऱ्यांनी प्रतिकात्मक मतदान घेतले. सुमारे ८०,००० कृष्णवर्णीयांनी त्यात भाग घेतला. ‘यांना मतदानात रसच नाही’ या आरोपाला ते उत्तर होते. एप्रिल १९६४ मध्ये ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ स्थापन झाली. अधिकृत पक्षाच्या स्थानिक सभांना जाण्याचा प्रयत्न तिच्या सदस्यांनी आधी करून पाहिला. अनेक ठिकाणी दारे बंद आढळली. मग त्यांनी गावपातळीपासून राज्यापर्यंत स्वतःच्या सभा नियमाबरहुकूम घेतल्या आणि ६८ प्रतिनिधी निवडले. त्याच उन्हाळ्यात जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली.

११/
ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन अटलांटिक सिटीत भरले. राज्याचे खरे प्रतिनिधी कोण, हा प्रश्न पात्रता समितीपुढे आला. २२ ऑगस्टला हेमर यांनी साक्ष दिली: नोंदणी, मळ्यावरून हकालपट्टी, विनोनाची मारहाण, सारे साध्या शब्दांत. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून थेट प्रक्षेपण आपल्याकडे वळवले. वाहिन्यांनी ती साक्ष संध्याकाळी पुन्हा दाखवली, आणि अधिक लोकांनी ती पाहिली.

१२/
पक्षाचे नियम येथे महत्त्वाचे होते. समितीच्या ११ सदस्यांनी सही केली असती तर प्रश्न अधिवेशनाच्या पटावर गेला असता. आरंभी तेवढे पाठीराखे होते; वरून दडपण आले, तसे ते गळत गेले. जॉन्सन यांना दक्षिणेतील गोरी मते गमवायची नव्हती. अखेर तडजोड पुढे आली: दोन जागा मिळतील, त्यावर कोण बसेल हेही पक्षनेतृत्व ठरवील, आणि १९६८ पासून वंशभेद करणारी शिष्टमंडळे स्वीकारली जाणार नाहीत. निवडलेल्या दोन नावांत हेमर नव्हत्या.

१३/
बायर्ड रस्टिन यांच्यासारख्या अनुभवी नेत्याने तडजोड स्वीकारावी असा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे उथळ नव्हते. निदर्शनांकडून राजकारणाकडे वळायचे तर मित्रपक्ष जोडावे लागतात, जॉन्सन यांनी जुलैतच नागरी हक्क कायद्यावर सही केली होती, आणि समोर बॅरी गोल्डवॉटर यांचे आव्हान होते. तरीही प्रतिनिधींनी नकार दिला, आणि तो नकार योग्य होता. दोन जागा थोड्या होत्या, हा दुय्यम मुद्दा. आपले प्रतिनिधी कोण, हे ठरवण्याचा हक्क मिळवायलाच ते आले होते, आणि नेमका तोच हक्क तडजोडीत नाकारला होता.

१४/
ज्यांच्यासाठी हा सारा जपणुकीचा खेळ झाला, त्या अधिकृत प्रतिनिधींपैकी बहुतेक जण पक्षनिष्ठेची शपथ नाकारून अधिवेशनातून निघून गेले. नोव्हेंबरात मिसिसिपीने गोल्डवॉटर यांना सुमारे ८७ टक्के मते दिली. जॉन्सन यांना त्या राज्याची गरजही पडली नाही. ते ४८६ निर्वाचक मतांनी जिंकले. व्यवहारचतुराईचा हिशेब व्यवहाराच्याच कसोटीवर चुकला, हे येथे नोंदवायला हवे.

१५/
पुढे सेल्मा घडले आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. संघीय अधिकारी थेट परगण्यांत जाऊन नोंदणी करू लागले. १९६४ साली मिसिसिपीत पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्के मतदार यादीत होते. १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांजवळ गेले. त्याच वर्षी रॉबर्ट क्लार्क राज्य विधिमंडळावर निवडून आले, विसाव्या शतकातील तेथील पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात जुन्या शिष्टमंडळाला बाजूला सारून नव्या मिश्र शिष्टमंडळाला जागा मिळाली. त्यात हेमर होत्या. त्यानंतर पक्षाने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले आणि उमेदवारीचा निर्णय मोठ्या प्रमाणात प्राथमिक मतदानाकडे गेला.

१६/
म्हणून नागरिक, पक्ष आणि निवडणूक हे लोकशाहीचे तीन सुटे विषय मानणे फसवे आहे. १८७६ साली नागरिक मतदानाला आले. पक्षाने त्यांना सोडले आणि निवडणूक पोकळ झाली. १९६४ साली बहुतेकांना मतच नव्हते. तरी ते पक्षाच्या दारात नियमांची पोथी घेऊन उभे राहिले आणि चार वर्षांत दार उघडावे लागले. निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहणे आवश्यक आहेच. त्याआधीच्या वर्षभरातील कंटाळवाण्या सभांत, याद्यांत आणि ठरावांत कोण बसते, यावर त्या रांगेचे मोल ठरते.

१७/
हा इतिहास संपलेला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील एक प्रमुख तरतूद रद्द केली; नियम बदलण्यापूर्वी कोणत्या राज्यांनी संघीय परवानगी घ्यायची, हे ठरवणारे ते सूत्र होते. दुसरीकडे, १८९० च्या मिसिसिपी संविधानातील एक कलम तब्बल १३० वर्षे टिकले: राज्यपालपदासाठी बहुमताबरोबरच विधानसभेच्या बहुसंख्य मतदारसंघांतही आघाडी हवी, असे ते सांगे. ते कोणा न्यायालयाने वा पक्षनेत्याने हटवले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मिसिसिपीच्याच मतदारांनी सार्वमताने ते रद्द केले.

(धागा समाप्त)