रमण्यातली दक्षिणा आणि आझाद मैदानावरची फेलोशिप

आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की पुण्यातल्या काही मंडळींना एकदम करदात्यांचा कळवळा येतो. सरकारचा पैसा म्हणजे आमच्या घामाचा पैसा, तो असा फुकट किती दिवस वाटायचा, गुणवत्तेचे काय, असे प्रश्न वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात आणि पेठांच्या कट्ट्यांवर विचारले जातात. २०२३ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सारथीच्या फेलोशिपवर बोलताना पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला, तेव्हाही या मंडळींनी माना डोलावल्या. त्याच वर्षी बार्टीच्या फेलोशिपला पात्र ठरलेली आमची ८६१ मुले-मुली मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हातान्हात बसली होती. सरकार म्हणत होते, दोनशेच घेऊ. संशोधन करायचे सोडून, पुस्तके पिशवीत घालून, या मुलांना मैदानावर चटया अंथराव्या लागल्या.

सरकारी तिजोरीतून विद्येसाठी पैसा देण्याची पद्धत या पुण्यात कुणी सुरू केली, कुणासाठी सुरू केली आणि तो पैसा कुणाच्या कष्टाचा होता, याचा हिशेब आज आम्ही मांडणार आहोत. तो मांडण्यासाठी मुंबईला किंवा दिल्लीला जाण्याची गरज नाही. पर्वतीच्या पायथ्याशी गेले तरी पुरे.

या पायथ्याशी पेशव्यांचा रमणा होता. दरवर्षी श्रावणात इथे दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि दक्षिणेचा मान पहिल्या बाजीरावाने पुण्याला आणला. पुढे काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात हजारोंनी पुण्यात जमू लागले. कोण वेद जाणतो, कोण न्याय, कोण व्याकरण, हे पाहून रक्कम ठरे. पुढे पुढे ब्राह्मण असणे एवढीच पात्रता उरली. रमण्याच्या आत कुणी जायचे हे जन्माने ठरलेले होते.

हा पैसा कुठून येत होता? गुजरात, माळवा, कर्नाटकातून येणाऱ्या चौथाईतून येत होता आणि इथल्या कुणब्याच्या सारापट्टीतून येत होता. दुसऱ्या बाजीरावाने तर मामलती इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याला महाल. मग तो इजारदार बोलीची रक्कम आणि वर आपला नफा रयतेच्या पाठीवर चाबूक ओढून वसूल करी. १८०२ ला होळकरांच्या स्वारीत पुणे लुटले गेले, पाठोपाठ भीषण दुष्काळ पडला, माणसे रस्त्यांवर मेली. त्या रयतेखाली आणखी एक माणूस होता. गावकीची सगळी वेठ बिनपगारी उपसणारा महार, दोरखंड वळणारा मांग. त्याच्या वेठीचा जमाखर्च कोणत्याही दफ्तरात रुपयांत मांडलेला नाही. पण सरकारी सामान त्याच्या डोक्यावरून गेले, वसुलाची राखण त्याने केली. पुण्यात त्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त जगापुढे मांडले. ज्याच्या श्रमावर दक्षिणा उभी राहिली, त्याची सावलीसुद्धा रमण्याला चालत नव्हती.

याला धर्म म्हणत. आमचे म्हणणे असे की हे अर्थकारण होते आणि धर्मग्रंथ त्याची खातेवही होती. ब्राह्मणाला दान दिल्याने राजाचे पाप जाते, असे शास्त्र सांगते. राजाने कुणब्याकडून वसूल करावे, भिक्षुकाला द्यावे, भिक्षुकाने राजाला पुण्यवान ठरवावे आणि कुणब्याला सांगावे की तुझे दारिद्र्य हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ आहे. या चक्रात पैसा एका दिशेने फिरतो आणि पुण्य दुसऱ्या दिशेने. कष्टकऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

१८१८ साली भीमा कोरेगाव झाले, पेशवाई बुडाली. आता साहेबाचे राज्य आले, तेव्हा हा रमणा बंद झाला असेल, असे कुणाला वाटेल. तसे झाले नाही! बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये तनखा देऊन कंपनीने ब्रह्मावर्ताला बसवले आणि दक्षिणेची रक्कम कमी करून पन्नास हजारांच्या आसपास आणली, पण ती चालू ठेवली. एल्फिन्स्टन काही वेदांचा भक्त नव्हता. राज्य गेलेला आणि समाजावर पकड असलेला हा वर्ग खवळू नये, एवढाच त्याचा हिशेब होता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी याच दक्षिणेच्या पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. कमिशनर चॅपलिन साहेबांनी ती उघडली. शिकणार कोण? ब्राह्मण. शिकायचे काय? वेद, न्याय, धर्मशास्त्र. ख्रिस्ती सरकार, पैसा शूद्रातिशूद्रांच्या सारापट्टीचा आणि शिक्षण ब्राह्मणांना. आमच्यातले काही कार्यकर्ते इंग्रज राजवट म्हणजे केवळ मुक्ती असे भाषणात सांगून मोकळे होतात. त्यांनी ही पाठशाळा लक्षात ठेवली पाहिजे. साम्राज्याला आपल्या सोयीचा धर्म नेहमीच हवा असतो.

धर्मग्रंथांचेही तसेच. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ सालीच ठरवून टाकले होते की लग्न, वारसा, जात यांचा न्याय हिंदूंच्या शास्त्राप्रमाणे करायचा. १७९४ ला विल्यम जोन्सने मनुस्मृती इंग्रजीत आणली. पुण्यात आर्थर स्टीलने शास्त्र्यांना आणि जातींच्या प्रमुखांना विचारून चालीरीतींचा ग्रंथ केला, तो १८२७ ला निघाला. कंपनीच्या कोर्टात निकाल सांगायला शास्त्री पगारावर बसत. ही पदे १८६४ साली गेली. गावोगावी जातीची आपापली वेगवेगळी रीत होती. तिच्या डोक्यावर पोथी आणून बसवली आणि तिला सरकारी शिक्का दिला, तो साहेबाच्या कोर्टाने. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तेव्हा ते कुणाच्या देवघरातले जुने बाड जाळत नव्हते. जमीन, वारसा, पाणी, बाई आणि श्रम यांवरचा एक चालू हुकूम ते जाळत होते. हिंदू कोड बिलाच्या वेळी जो विरोध झाला आणि १९५१ साली त्यांना मंत्रिपद सोडावे लागले, त्याने हा हुकूम किती जिवंत होता हे सिद्धच केले.

पण पुण्याकडेच वळू. १८४९ साली एक अर्ज झाला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि काही सुधारक मंडळींनी सरकारला सांगितले की दक्षिणेचा काही पैसा मराठीत ज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. मागणी किती साधी! पण सनातनी पुणे पेटले. अर्जदार स्वतः ब्राह्मण असूनही त्यांना मार खाण्याची वेळ आली. तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी बावीस वर्षांचे जोतीराव फुले सुमारे दोनशे माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. शूद्रातिशूद्रांच्या काठीच्या आधाराने त्या अर्जाची सुटका झाली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्हाला कधी कुणी शिकवली नाही.

त्या भांडणातून दक्षिणा प्राइज कमिटी निघाली. आणि मग या पैशाची गंमत पाहा. १८४८ ला भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. १६ नोव्हेंबर १८५२ ला सरकारने त्यांचा सत्कार केला तो विश्रामबागवाड्यात, म्हणजे जिथे दक्षिणेच्या पैशावर धर्मशास्त्र पढवले गेले तिथेच, मेजर कँडीच्या हस्ते. मुलींच्या शाळांना महिना ७५ रुपये मंजूर झाले तेही दक्षिणा फंडातून. रमण्याचा पैसा पहिल्यांदा सावित्रीबाईंच्या वर्गात पोचला. रक्कम लहान, पण तिची दिशा बदलली होती.

मात्र याच कमिटीकडे १८५५ साली फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले. एका कुणबी नवराबायकोला जोशी कसा नाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, असा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे खुद्द फुल्यांनीच पुढे सांगितले. हे नाटक छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे! ग्रंथ कोणता आणि केरकचरा कोणता, हे ठरवणाऱ्या समितीत कोण बसले आहे, हा प्रश्न आजही आम्ही साहित्य, विद्यापीठ आणि संशोधन मंडळांच्या बाबतीत विचारतो तेव्हा लोकांना तो जातीयवादी वाटतो.

१८८२ ला हंटर कमिशनपुढे फुल्यांनी हिशेब मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर जन्मापासून मरणापर्यंत भिक्षुकाच्या घरी कुणब्याचे काय काय जाते, याची त्यांनी यादीच दिली. धर्माची चिकित्सा ते पैशाच्या बाजूने करत होते, हे त्यांचे मोठेपण. देव आहे की नाही या वादापेक्षा देवाच्या नावाने वसुली कोण करतो, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

आता गुणवत्तेकडे येऊ. त्याच दक्षिणेतून पुढे कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. डॉ. रा. गो. भांडारकर दक्षिणा फेलो होते. दोघेही मोठे विद्वान आणि सुधारक. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आमच्या मनात आदर आहे, आणि आमचे भांडण कोणत्याही माणसाच्या जन्माशी नाही. पण हे तर मान्य कराल ना, की ती विद्वत्ता सार्वजनिक पैशाच्या फेलोशिपवर वाढली? फेलोशिप मिळाली म्हणून रानड्यांना कुणी सरकारचे जावई म्हटले नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ एका वर्गाला राजाश्रय मिळाला, त्यातून घरात पोथ्या आल्या, पाठांतर आले, इंग्रजी आले, नोकऱ्या आल्या. त्या साठ्याला आज गुणवत्ता म्हणतात. आणि आमच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या पोराला तीन वर्षे फेलोशिप दिली की तिला खिरापत म्हणतात.

बाबासाहेबांच्या पाठीशी १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती उभी राहिली, महिना साडेअकरा पौंड. त्या साडेअकरा पौंडांतून देशाला काय मिळाले हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी पहिल्या काही मागण्यांत शिष्यवृत्तीची मागणी ठेवली. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला आणि बनारसच्या हिंदू विद्यापीठाला सरकार दरसाल तीन-तीन लाख देते. मग धर्माच्या नावाने ज्यांना विद्याच नाकारली त्यांना काय देता? त्यातून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी तीन लाखांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली ही रक्कम नाही.

आणि आज? मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे हा केवळ आमचा कांगावा नव्हे. बहिणींना पैसा द्या, आमच्याही बहिणी त्यात आहेत. पण तो आमच्या वसतिगृहातून आणि आमच्या फेलोशिपमधून का? अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही मागणी जुनीच आहे. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला घेणाऱ्या राज्यकर्त्यांना ती ऐकू येत नाही. दुसरीकडे २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थासाठी तिजोरी सैल सोडायला मात्र कुणाचा हात अडखळत नाही. तिथे करदात्यांचा कळवळा कुठे जातो, हे पुण्याच्या कट्ट्यांनी आम्हाला सांगावे.

जाता जाता आमच्याच लोकांना एक कडू शब्द. जयंतीच्या डीजेवर वस्तीवस्तीतून जो पैसा उडतो, त्यातून एकेका वस्तीला निदान एका मुलीची पुस्तके आणि परीक्षेची फी भागते. भिक्षुकाला द्यायची दक्षिणा आम्ही १९५६ ला बंद केली. तो वाचलेला पैसा गेला कुठे, हे आमच्या मंडळांच्या वह्यांतही एकदा पाहायला हवे.

भिडेवाडा सुप्रीम कोर्टाच्या निर्णयानंतर २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक व्हावे, चांगले व्हावे. पण त्याच्या उद्घाटनाला जे मंत्री येतील त्यांच्या हाती आमच्या विद्यार्थी संघटनांनी तिथेच एक निवेदन द्यावे. त्यात दोनच मागण्या असाव्यात: उपयोजनेचा निधी वळवण्यास बंदी करणारा कायदा करा, आणि बार्टीची फेलोशिप पात्र ठरलेल्या प्रत्येकाला नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण द्या. निवेदनाला १८४९ च्या अर्जाची आठवण म्हणून दोनशे सह्या असाव्यात.