गाडी घरी सुरू होते, मंडईत होत नाही



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधले तीन महिने आमच्या घरात एकच विषय होता, तो म्हणजे गाडी. पुण्याच्या मंडळींना फोनवर त्याचे तुकडे तुकडे कळले आहेत आणि "अजून विकली नाहीत का?" हे सगळ्यांचं विचारून झालं आहे. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. त्यात माझं एक मतही आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा.

आमची गाडी 2004 सालची, पेट्रोलवरची, छोटी. 2019 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, 2024 मध्ये पुन्हा एकदा. साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरायला तिच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. त्यातून आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी न्यावं लागतं. रिक्षात चढताना तिला पाय उचलवत नाही. म्हणजे गाडी ही आमची हौस नव्हे.

तर ही गाडी मध्येच सुरू होईना. चावी फिरवली की 'कट' असा एक आवाज, पुढे काही नाही. रोज नाही, कधीकधी. गॅरेजवाल्याकडे सकाळी घेऊन गेलो की पहिल्या फटक्यात सुरू. "सर, गाडीत काही नाही." परत आणायची. चार दिवसांनी राजवाड्याजवळ भर दुपारी पुन्हा 'कट'. ही काठी टेकून उन्हात उभी आणि मी सत्तरी ओलांडलेला मास्तर भाजीवाल्यांच्या पोरांना "बाळांनो, जरा धक्का द्या रे" म्हणतोय. त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांना मी शिकवलेलं. असो.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. साडेचार हजार. बारा दिवस गाडी छान चालली, मी सगळ्यांना सांगत सुटलो की बॅटरीच होती. तेराव्या दिवशी 'कट'. मग सेल्फ उतरवून दुरुस्त केला, तीन हजार दोनशे. आठ दिवस छान, नवव्या दिवशी तेच. त्या रात्री चिरंजीवांचा फोन. "बाबा, एकवीस वर्षांची गाडी आहे, अजून किती पैसे घालणार? आईला मध्येच रस्त्यात काही झालं तर?" त्याचं चुकीचं होतं असं नाही. एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं.

आता हिचं ऐका. हिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "अहो, गाडी घरी सुरू होते, मंडईत होत नाही." मी हसलो. म्हटलं, गाडीला काय कळतं घर कुठलं नि मंडई कुठली? ती काही बोलली नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मात्र तिने लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, कुठे, किती वेळ थांबलो होतो, सुरू झाली तर बरोबरची खूण, नाही तर फुली. तीन आठवड्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. चाळीस वेळा गाडी सुरू केली होती, चार फुल्या. आणि चारही फुल्या गाडी तापलेली असताना, पंधरा ते तीस मिनिटं थांबून परत निघतानाच्या. सकाळी घरून निघताना एकही नाही. तासभर थांबलो तरी नाही.

इंजिन बंद केलं की लगेच थंड होतं अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. पाणी फिरायचं थांबतं, वारा लागायचा थांबतो, आणि आतल्या लोखंडाची उष्णता बाहेर येऊन बॉनेटखालची हवा उलट काही वेळ जास्तच तापते. भाजी घेऊन परत यायला आम्हाला वीस मिनिटं लागतात, नेमका तोच मुहूर्त. गॅरेजमध्ये मी गाडी न्यायचो सकाळी नऊला, गार असताना! पोट दुखायचं थांबल्यावर डॉक्टरकडे जाण्यातला प्रकार.

वही घेऊन वायरिंगचं काम करणाऱ्या एका तरुण मुलाकडे गेलो. त्याने वही नीट वाचली, हे मला फार आवडलं. म्हणाला, "सर, आता आणू नका. बंद पडली की फोन करा, मी तिथे येतो." आणि खरंच आला, सव्वाबारा वाजता, मीटर घेऊन.

त्याने काय केलं ते मुद्दाम लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी दिवे लावून मला चावी फिरवायला सांगितली. 'कट' झालं, पण दिवे मंद झाले नाहीत. बॅटरी मेलेली असती तर दिवे विझल्यासारखे झाले असते. आणि धक्का मारून गाडी सुरू होते, म्हणजे पेट्रोल, प्लग, इंजिन सगळं ठीक, अडचण फक्त सेल्फपर्यंत वीज पोहोचण्यात. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला लावून पुन्हा चावी. ही दोन्ही टोकं एका जाड वायरने जोडलेली असतात, त्यामुळे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं, फार तर अर्धा व्होल्ट. आकडा पाचच्या वर गेला. बारातले पाच व्होल्ट त्या एका वायरीतच खर्च होत होते. शेवटी त्याने एक जाड जंपर केबल बॅटरीपासून इंजिनला जोडली आणि म्हणाला, "आता मारा." गाडी सुरू. सगळी मिळून दहा मिनिटं.

अर्थिंगची वायर! तिचं टोक गेअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेलं असतं, तिथे मळाखाली आत पांढरी-हिरवी बुकटी जमली होती, तांब्याच्या बऱ्याच तारा तुटलेल्या. वरून आवरण शाबूत, त्यामुळे कुणालाच दिसलं नाही. गार असताना उरलेल्या तारा कशाबशा काम भागवायच्या, तापल्यावर तोंड फिरवायच्या. मी विचारलं, ही वायर आधी मीटरने तपासली असती तर? तो म्हणाला, गाडी बंद ठेवून तपासली तर चांगलीच दाखवते, कारण मीटर तिच्यातून अगदी नखाएवढी वीज सोडतो. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर लागतात. ओझं पडल्याशिवाय तिचं खरं कळत नाही.

(हा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या डोक्यातून. त्याने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. दोन्हीकडे कल्पना एकच, मोटरीला जोर फक्त क्षणभर लावायचा आहे. माझ्या लहानपणी ट्रकचा क्लीनर हँडल मारताना पाहिला आहे, उलटा झटका बसला तर मनगट जायचं.)

आता कोडं राहिलं ते बॅटरी आणि सेल्फ बदलल्यावर गाडी सुधारली कशी याचं. उत्तर सोपं आहे. बॅटरी काढताना ती वायर हलली, सेल्फ उतरवताना तर शेजारचाच बोल्ट हलला. हात लागला की तारा थोड्या बसायच्या आणि आम्ही म्हणायचो, गुण आला. शिवाय नातवाने फोनवरच हिशेब करून सांगितलं, "आजोबा, दहात एकदा बंद पडणारी गाडी काहीही दुरुस्त न करता सलग दहा वेळा सुरू व्हायची शक्यता 35 टक्के असते. 29 वेळा सलग सुरू झाली तर ती पाच टक्क्यांच्या खाली जाते, मग म्हणा दुरुस्त झाली." मी बारा दिवसांत पेढे वाटायच्या बेतात होतो.

माझं मत असं की रोजच्या दुखण्यापेक्षा 'कधीकधी'च्या दुखण्यावर आपण फार अन्याय करतो. दिसलं नाही म्हणजे नाही, आणि सांगणारा वेडा. गॅरेजवाल्याला दोष देत नाही. मी त्याला दुपारी माझ्याबरोबर मंडईत अर्धा तास थांब म्हटलं असतं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे दिले असते का? नसते दिले. "नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" असंच मी म्हटलं असतं. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. मग तोही भाग बदलतो. वायरिंगवाल्या मुलाने वायरीसह 330 रुपये मागितले. मी पाचशे दिले, तो घेत नव्हता.

आणि एक आठवण, जी या दिवसांत काही पाठ सोडत नाही. 1986 साली सातवीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. काही दिवस चटचट उत्तरं द्यायचा, काही दिवस नाव घेतलं तरी ढिम्म. मी त्याला सोंगाड्या म्हणायचो. एकदा वडिलांना बोलावलं, त्यांच्यासमोर त्याने सगळं व्यवस्थित ऐकलं, आणि माझी खात्रीच पटली. त्यानंतर त्याला दोनदा दारात उभं केलं. पुढे पावसाळ्यात, भर सर्दीत, तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी पाहिलं तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं. सर्दी वाढली की ऐकू कमी यायचं, उतरली की ठीक. त्याच्याही नावापुढे कुणी वहीत तारखा लिहिल्या असत्या तर सगळ्या फुल्या पावसाळ्यात आल्या असत्या. हजेरीचं पुस्तक रोज माझ्याच हातात होतं. त्याची माफी मागितली नाही. तेव्हा मास्तर माफी मागत नसत.

हिची मात्र मागितली. ती म्हणाली, "मंडई नव्हतीच हो, ऊन होतं." आणि पुन्हा वही उघडली. नवी वायर बसवल्यापासून मंडईतून परत येतानाच्याच खुणा ती मोजते आहे. काल चौतिसावी झाली. चिरंजीवांना सांगितलं आहे, त्या गिऱ्हाइकाला कळव, गाडी विकायची नाही.