आधी अर्ज, मग गाजावाजा

हाताने काम करणाऱ्याला डोके नसते, ही या देशातील जुनी आणि सोयीस्कर थाप आहे. आमची मुले आज अभियांत्रिकी महाविद्यालयात, आयटीआयमध्ये, गावच्या वेल्डिंगच्या दुकानात रोज ती खोटी पाडत आहेत. कोणी फवारणीचे यंत्र सुधारतो, कोणी गटारात माणूस उतरू नये म्हणून यंत्र बनवतो. मग प्रदर्शन भरते, हारतुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि नेमका तिथेच घात होतो!

पेटंट मिळते ते नव्या शोधाला. अर्जाआधीच शोध जाहीर केला तर कायद्याच्या लेखी तो नवा राहत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध, अशा मोजक्या प्रसंगी १२ महिन्यांची सवलत आहे. पण गावचे प्रदर्शन आणि मोबाईलवरचा व्हिडिओ त्यात बसत नाही. शिवाय एकच शोध दोघांनी लावला तर ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी. म्हणून आमचे सांगणे एकच आहे: आधी अर्ज, मग गाजावाजा.

यंत्र पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख पदरात पाडून घेता येते. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याची फी १६०० रुपये आहे. पुढे १२ महिन्यांत पूर्ण तपशील आणि दावे द्यावे लागतात, नाहीतर अर्ज बाद होतो. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने असून व्यक्तीसाठी फी ४००० रुपये आहे. महिला अर्जदारांना २०१९ पासून जलद तपासणी मागता येते. नुसता अर्ज करून स्वस्थ बसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरी अडचण फीची नाही, दावे लिहिण्याची आहे. दावा फार रुंद केला तर तो फेटाळला जातो. फार अरुंद केला तर शेजारचा कारखानदार एक खिळा बदलून तेच यंत्र विकतो. जाणकार पेटंट एजंटची फी गरिबाला परवडत नाही. गांधीनगरचे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन तळागाळातील संशोधकांना या कामी मदत करते. पण आमच्या किती वस्त्यांत हे नाव पोहोचले आहे?

आणखी एक प्रश्न नावाचा आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतीचे औजार शोधले. १८५७ साली त्याच्या मालकाने त्यावर पेटंट मागितले. गुलामाचे श्रम माझे तशी त्याची बुद्धीही माझी, असा त्याचा दावा होता. पेटंट मिळाले नाही, कारण मालक संशोधक नव्हता आणि गुलामाला कायदा नागरिक मानत नव्हता. मालकाने ते औजार विकले. नेडच्या हाती काहीच आले नाही.

आज कायदा आमच्या बाजूने आहे, पण सही आमचीच असते. अर्जात संशोधक आणि अर्जदार यांची नावे वेगवेगळी लिहितात. हक्क अर्जदाराला मिळतो. प्रयोगशाळेची किल्ली दिली म्हणून कोणी संशोधक ठरत नाही. तेव्हा प्रकल्प सुरू करण्यापूर्वी संस्थेचे नियम वाचावेत, प्रत्येक टप्प्याची तारीखवार वही ठेवावी आणि न वाचता हक्क सोडल्याच्या कागदावर सही करू नये.

समाजातील प्राध्यापक, अभियंते आणि वकील यांनी महिन्यातला एक रविवार या कामाला द्यावा. बुद्धविहारात, वाचनालयात बसून मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले. शिकून जे निर्माण केले, त्यावर आपले नाव राखणे हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.