डबीवरील हिरवे पान

सुरकुत्या घालविण्याचे व तारुण्य राखण्याचे आश्वासन देणाऱ्या डबीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द आणि एक हिरवे पान दिसले की ग्राहक निःशंक होतो आणि विक्रेताही. परंतु निसर्गात वनस्पती आहेत तसे जीवही आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांशेजारी व्यापार करणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.

या वनांतून मोहाच्या बिया, हिरडा, बेहडा येतात. मध, मेण, लाख आणि टसरचे कोशही येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत ‘वनस्पतीजन्य’ म्हणून हे सर्व एकत्रच मोजले आहे. वनवासी बांधवांच्या हक्कांसाठी ते उचितच. आपल्या विवेकास मात्र ते पुरत नाही. आरमोरी टसरसाठी प्रसिद्ध आहे. कोशातून अखंड धागा मिळावा म्हणून आतील जीव उष्णतेने मारण्याची रीत आहे, आणि रेशमातील प्रथिने चेहऱ्याच्या क्रीममध्येही वापरली जातात.

म्हणून डबी उलटी करून घटकांची यादी वाचावी. ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशीचे मेण, ‘मेल’ म्हणजे मध, ‘लॅनोलिन’ म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांश, ‘सेरिसिन’ म्हणजे रेशीम. कोलॅजन बहुधा मासे वा गुरांपासून मिळते. ‘स्क्वालेन’ शार्कच्या यकृतापासून होते, तसेच ऑलिव्ह वा उसापासूनही. केवळ नावावरून उगम कळत नाही. खाद्यपदार्थांवरील हिरव्या खुणेचा आधार येथे घेऊ नये. त्या नियमांतही मध, मेण व लाख मांसाहारी गणले जात नाहीत. ज्यांचा मधाचा त्याग आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ हे वाक्यही वेगळे पुण्य नव्हे; भारतात सौंदर्यप्रसाधनांची तशी चाचणी २०१४ पासूनच निषिद्ध आहे.

आता प्रमाणाविषयी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालील घटक कोणत्याही क्रमाने चालतात. ‘फिनॉक्सिइथेनॉल’ हे परिरक्षक १ टक्क्यापर्यंतच वापरता येते. तेव्हा दर्शनी बाजूस मोहाचे फूल रंगविलेले असेल आणि ‘मधुका’ हे नाव फिनॉक्सिइथेनॉलनंतर येत असेल, तर मोह थेंबभरच आहे असे समजावे. ६० मिलीहून कमी द्रव किंवा ३० ग्रॅमहून कमी क्रीम असल्यास यादी छापण्याची सक्ती नाही, आणि महागड्या डब्या बहुधा तेवढ्याच लहान असतात.

मोहाच्या बियांचे तेल कातडी मऊ करते, ओलावा टिकविते. त्यामुळे बारीक रेषा काही काळ कमी दिसतात. वय त्याने मागे फिरत नाही. सुरकुत्यांचे एक मोठे कारण ऊन आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात छत्री आणि डोक्यावरचा पदर पुष्कळ रक्षण करतात, आणि त्यांत कोणत्याही जीवाचा अंश शोधावा लागत नाही.

गल्ल्यावर बसणाऱ्यावर दुहेरी दायित्व आहे. अहिंसेचे व्रत घरी आणि सत्याचे व्रत दुकानाबाहेर, अशी वाटणी होऊ शकत नाही. ज्या घटकाचा उगम कळत नाही त्याविषयी निर्मात्यास लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत ग्राहकास ‘ठाऊक नाही’ एवढेच सांगावे. त्या दोन शब्दांनी एखादी विक्री जाईल. पेढीची पत जाणार नाही.