षट्कर्मांतील विसरलेले शिल्प



भगवान ऋषभदेवांनी कर्मभूमीच्या प्रारंभी मानवाला असि, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आदिपुराण सांगते. आपल्या व्यापारी कुटुंबांनी मसी आणि वाणिज्य निष्ठेने जोपासले. शिल्प मात्र सुताराच्या दुकानी सोडून दिले. त्यामुळे ‘पाच-सहा जणांनी मिळून एक भक्कम खुर्ची तयार करा’ असा प्रकल्प शाळेने दिला, की परभणी असो, सेलू असो वा जिंतूर, ओळखीच्या मिस्त्रीला निरोप जातो. तयार खुर्ची शाळेत पोहोचते, गुणही मिळतात. पैसे देऊन आपण खुर्ची घेतली. मुलाचे शिकणे मात्र राहून गेले.

खुर्ची दिसते तितकी सोपी नाही. बसणारा मागे रेलतो, एका बाजूला झुकतो. तो सारा ताण सांध्यांवर येतो. म्हणून खुर्ची निखळते ती बहुधा सांध्यातच. चार पट्ट्यांची चौकट नुसत्या खिळ्यांनी जोडली तर ती तिरकी होते. कोपऱ्यात एक आडवी-तिरपी पट्टी बसविली की त्रिकोण होतो आणि चौकट हलेनाशी होते. भूमितीतील त्रिकोणाचा गुण असा हाताला कळतो. आधी बसणाऱ्याच्या गुडघ्यामागून जमिनीपर्यंतची उंची मोजावी (प्रौढांच्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते), मग आराखडा, मग पुठ्ठ्याचा छोटा नमुना आणि शेवटी लाकूड, हाच क्रम योग्य.

येथे आपले संस्कारही उपयोगी पडतात. जाड लाकडाने नव्हे, तर नेटक्या सांध्याने बळकटी येते. कमी साहित्यात काम साधणे हा अपरिग्रहाचाच पाठ होय. जुने लाकूड घेताना त्यात वाळवी वा भुंगेरे नाहीत, हे पाहावे. सुतारकामातील पारंपरिक सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतो. त्याऐवजी कृत्रिम चिकटद्रव्य वापरावे.

गटकार्य ही तर भागीदारीची पहिली शाळा. एकाने मापे घ्यावीत, एकाने आराखडा काढावा, एकाने खर्चाची वही ठेवावी. एकाचे माप चुकले तर सर्वांची खुर्ची डुगडुगते, हे मुलांना उपदेशाविना उमगते.

श्रमातून शिक्षणाची वाट आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने दाखविली. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही ग्रामीण मुले हाताने काम करीत विज्ञान शिकत आली आहेत.

पालकांना विनंती इतकीच : मिस्त्रींना अवश्य बोलवा, पण खुर्ची करून देण्यासाठी नव्हे, तर शिकविण्यासाठी; आणि त्या शिकविण्याचा योग्य मोबदला द्या. करवत, पटाशी मुले त्यांच्या देखरेखीखालीच चालवोत. खुर्ची थोडी ओबडधोबड झाली तरी चालेल. ज्याने एक सांधा स्वतः बसविला, तो उद्या पेढीवर बसल्यावर मालाची पारख अधिक डोळसपणे करील आणि कारागिराशी भाव करताना त्याच्या घामाचे मोल विसरणार नाही.